डोक्याला मार लागून घरी आलेल्या माणसाशी बोलताना: गोव्यातल्या कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने

जखम भरते, टाके निघतात, माणूस स्वतःच्या पायांनी बाल्कांवात येऊन बसतो. भेटायला आलेल्यांशी बोलतोही. सगळे म्हणतात, देवाने राखलं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरच्यांच्या लक्षात येऊ लागतं की काहीतरी बिनसलंय. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, विषय भलतीकडे, सांगितलेलं काम अर्ध्यावर, क्षुल्लक कारणावरून भडका. उच्चार स्पष्ट आहेत, शब्दही आहेत, तरी बोलणं पुढे सरकत नाही.

कारण संवादाला नुसते शब्द पुरत नाहीत. समोरच्याकडे लक्ष लागतं, त्याचं वाक्य संपेपर्यंत ते डोक्यात धरून ठेवावं लागतं, काय बोलावं आणि काय गिळावं हे क्षणात ठरवावं लागतं. मेंदूला मार बसला की पहिली झळ यालाच लागते. उपचार डॉक्टर आणि थेरपिस्ट ठरवतात, पण थेरपिस्टकडचा तास आठवड्यातून एक-दोनदा येतो आणि उरलेला सगळा वेळ माणूस घरी असतो. घरच्यांनी बोलण्याची पद्धत बदलली तर त्या वेळाचं सोनं होतं. ती कशी बदलायची, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकतं, ते इथे दिलं आहे.

१. आधी डिस्चार्ज कार्ड नीट वाचा

कार्डावर जीसीएस हा आकडा असतो. ही ‘ग्लासगो कोमा स्केल’ म्हणजे बेशुद्धी मोजण्याची पट्टी, १९७४ पासून वापरात आहे. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, म्हणजे एकूण १५. कमीत कमी बेरीज ३. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. ‘व्ही’च्या, म्हणजे बोलण्याच्या, पुढे आकड्याऐवजी ‘टी’ लिहिलं असेल तर तेव्हा श्वासनलिकेत नळी होती, म्हणून बोलणं मोजता आलं नाही.

दुसरी गोष्ट कार्डावर बहुधा नसते, ती तुम्हीच लिहून ठेवा. अपघातानंतर रोजच्या घडामोडी सलग आठवू लागायला किती दिवस गेले? डोळे उघडले तो दिवस यात धरायचा नाही. काल कोण भेटायला आलं, सकाळी काय खाल्लं हे दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगता येऊ लागलं, तो दिवस धरायचा. हा काळ २४ तासांपेक्षा कमी असेल तर मार सौम्य, १ ते ७ दिवस असेल तर मध्यम, ७ दिवसांच्या वर गेला तर गंभीर मानतात. पुढे स्मृती आणि कामावर परतणं याचा अंदाज बांधताना डॉक्टर हेच विचारतात, आणि सहा महिन्यांनी घरात कुणालाच नक्की तारीख आठवत नाही.

‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग हा असा का वागतो?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची मोड दिसते. डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात. ते इतके बारीक असतात की सीटीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. शिवाय कवटीचा तळ आतून खडबडीत असतो. त्यावर मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग घासतो, मग मार कुठूनही लागो. नियोजन, संयम, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं ही कामं याच भागांची.

२. कोणत्या खुणा दिसताच १०८ ला फोन करायचा

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, जागं करूनही नीट जाग न येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, झटका येणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

वयस्कर माणूस, त्यातून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, पावसाळ्यात अंगणात घसरला आणि ‘काही झालं नाही’ म्हणून उठला, तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं. मग तीन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, बोलण्यात गोंधळ होतो, आणि घरचे त्याला म्हातारपण समजून बसतात. हा त्रास शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, म्हणून इथे उशीर महागात पडतो.

फुटबॉल खेळताना डोकं आपटून मुलगा क्षणभर गोंधळला, तरी त्या दिवशी त्याला मैदानाबाहेर काढायचं. परत उतरवायचं नाही. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, मग रोज थोडं थोडं वाढवत नेहमीच्या कामाकडे. मोठ्या माणसांचा असा सौम्य त्रास बहुधा दोनेक आठवड्यांत आणि मुलांचा चारेक आठवड्यांत ओसरतो. तो ओसरायच्या आत दुसरा मार बसू देणं फार धोक्याचं.

३. भानावर येण्याआधीचे दिवस

वॉर्डात असताना काही माणसं जागी असतात, बोलतात, पण त्यांच्या डोक्यात काहीच नोंदलं जात नाही. खाटेवर पडून कुणी सांगतं, ‘मी आत्ताच म्हापशाच्या बाजारात जाऊन आलो.’ तो खोटं बोलत नाही. रिकाम्या जागा मेंदू हाताला येईल त्याने भरतो. ‘काहीही काय सांगता, बाबा!’ म्हणून वाद घातला की तो चिडतो आणि हातातली सलाइन ओढतो. हळू आवाजात एवढंच म्हणा, ‘बाजार शुक्रवारचा भरतो खरा. आपण आत्ता बांबोळीला हॉस्पिटलात आहोत, बाबा. आज मंगळवार. मी तुमचा सुहास.’ मग गप्प बसा. खाटेजवळ एका वेळी एक किंवा दोनच माणसं, प्रकाश मंद, मोबाइल बंद. ‘मला ओळखलंत का, सांगा बघू मी कोण?’ हा खेळ प्रत्येक पाहुणा खेळतो; त्याला दारातच थांबवा.

४. नेमकं काय बदललंय ते ओळखा

तीन वेगवेगळ्या अडचणी असतात. घरचे त्यांना सरसकट ‘बोलणं बिघडलं’ म्हणतात, पण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

जीभ जड, उच्चार पुसट, आवाज बारीक, पण वाक्य बरोबर: हे तोंडाच्या आणि घशाच्या स्नायूंचं दुखणं. शब्दच सापडत नाहीत, ‘चमचा’ म्हणायचं तर ‘कंगवा’ येतं, किंवा दुसऱ्याचं बोलणंच कळत नाही: हा वाचाघात, मेंदूच्या भाषेच्या भागाचं दुखणं. शब्द, व्याकरण, उच्चार ठीक आहेत, तरी बोलणं भरकटतं, लांबतं, तुटतं, नको तिथे नको ते येतं: ही तिसरी अडचण. डोक्याच्या मारानंतर ती फार सर्रास दिसते आणि पाच मिनिटांच्या ओपीडी भेटीत सहज निसटते. ‘बरे आहात ना?’ ‘हो, एकदम बरा’ एवढ्यात ती दिसणार नाही.

ती घरी दिसते. मुलगा मासळीचा भाव सांगायला सुरुवात करतो, ‘इसवण’वरून मुरगावच्या बंदरावर जातो, तिथून एका जुन्या मित्राच्या लग्नावर, आणि आपण काय सांगत होतो ते त्यालाच आठवत नाही. दुसऱ्याची पाळी आली तरी तो थांबत नाही. किंवा उलट: विचारलं तर एका शब्दात उत्तर, स्वतःहून काहीच नाही. चेहऱ्यावर, आवाजात चढउतार नाही, म्हणून बायकोला वाटतं की त्याला आपलं काही उरलंच नाही. थट्टा, टोमणा, सूचक बोलणं कळत नाही. आपल्या घरांत तर निम्मं बोलणं सूचकच असतं. ‘आभाळ भरून आलंय वाटतं’ याचा अर्थ दोरीवरचे कपडे आत घ्या, हे त्याला आता कळणार नाही. तो आभाळाकडे बघेल आणि ‘हो’ म्हणेल. यात आळस नाही.

एक खूण मराठी घरातच कळते. सासऱ्यांना कायम ‘तुम्ही’ म्हणणारा जावई एकाएकी ‘तू’वर येतो, किंवा चारचौघांत शिवी घालतो. संस्कार गेले असं समजू नका. कपाळामागच्या भागाचा ब्रेक सैल झाला आहे. मात्र कोकणीत आईवडिलांनाही ‘तूं’ म्हणण्याची रीत अनेक घरांत आहे, तेव्हा थेरपिस्टला सांगताना अपघाताआधी हा माणूस कुणाला काय म्हणायचा, ते आठवून सांगा.

आणि हे सगळं ठरवण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कानशिलाचं हाड मोडलं असेल तर ऐकू कमी येतं, आणि न ऐकलेलं वाक्य ‘विसरला’ या खात्यात जमा होतं. ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राहत असेल, डाव्या खांद्याने दाराला धडकत असेल, तर त्या बाजूकडे मेंदूचं लक्षच जात नसेल, तेही सांगा.

५. सात दिवसांची नोंद करून मगच स्पीच थेरपिस्टकडे जा

साधी वही पुरे. दिवसातून तीन वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, चार गोष्टी लिहा: काय बोलणं चाललं होतं, कुठे अडलं, त्या वेळी आजूबाजूला काय होतं (टीव्ही, पाहुणे, कुकरची शिटी), त्याआधी किती झोप किंवा काम झालं होतं. ‘खूप विसरतो’ असं लिहू नका. ‘दहा वाजता सांगितलं की प्लंबर येणार, साडेदहापर्यंत चारदा विचारलं’ असं लिहा. आठवड्यात बहुधा एक साचा दिसतो, उदाहरणार्थ सगळे भडके दुपारी चारनंतर. तसं दिसलं तर दोष थकव्याचा आहे आणि उपाय दुपारच्या झोपेत आहे.

भाषांचीही यादी द्या. गोव्यातला माणूस घरी मराठी, शेजारी कोकणी, कामावर हिंदी-इंग्रजी असा दिवसभर उड्या मारत असतो. पूर्वी हे आपोआप व्हायचं, आता प्रत्येक उडीला लक्ष खर्ची पडतं. कोणती भाषा कुठे वापरायचा, वाचायचा कुठल्या लिपीत, हिशेब मनात कुठल्या भाषेत करायचा, हे सगळं सांगा. इंग्रजीत तपासणी करून ‘शब्द सापडत नाहीत’ असा निष्कर्ष निघाला आणि तो माणूस आयुष्यभर मराठी-कोकणीत बोलला असेल, तर त्या निष्कर्षाला अर्थ नाही. घरी पहिले काही आठवडे एका संभाषणात एकच भाषा ठेवा. मात्र त्याच्या तोंडून आपसूक दुसरी आली तर टोकू नका.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. स्मृती-लक्षाची सविस्तर चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. बांबोळीच्या आयपीएचबीचं, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळाचं, नाव ऐकून घरचे बिचकतात. बिचकू नका, मेंदूच्या मारानंतरचं वागणं आणि मनःस्थिती हा त्यांच्याच कामाचा भाग आहे.

६. घरातलं बोलणं बदला

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका. एका आठवड्यात दोनच बदल घ्या, आणि ते घरातल्या सगळ्यांनी घ्यायचे.

पहिला: टीव्ही आधी बंद, मग बोलणं. आवाज कमी करून भागत नाही. नाव घ्या, नजर मिळू द्या, मग वाक्य सुरू करा. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं पोचत नाही.

दुसरा: परीक्षा घेणं थांबवा. ‘काल कोण आलं होतं, आठवतंय का?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो आणि दर वेळी त्याला नापास करतो. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न विचारायचाच नाही. त्याऐवजी माहिती तुम्ही द्या आणि मत त्याचं विचारा: ‘काल मडगावची आत्या आली होती, जत्रेतलं खाजं घेऊन. तुला नरम आवडतं की कडक?’ इथे चुकायला जागा नाही आणि बोलायला भरपूर आहे.

नंतर हळूहळू पुढचे. एका वाक्यात एकच काम. ‘अहो, बँकेत पासबुक भरून घ्या, येताना पाव आणा, आणि हो, दादाला फोन करा’ यातलं शेवटचं तेवढं उरतं, कधी तेही नाही. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. त्याचा मेंदू उत्तर तयार करतोय, आणि तुम्ही मध्येच दुसऱ्या शब्दांत तेच विचारलंत तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘समजलं ना?’ला उत्तर नेहमी ‘हो’ असतं, म्हणून ‘आपलं काय ठरलं, तू एकदा सांग बघू’ असं म्हणा. निवड द्यायची तर दोनच गोष्टींची. सूचक बोलणं सोडा: ‘दोरीवरचे कपडे आत आण.’ टोमणे तर पूर्ण बंद. उशिरा उठलेल्याला ‘वा, फार लवकर उठलास!’ म्हटलं की तो ते कौतुक समजेल, आणि मग हसलं कोण यावरून भांडण.

शब्द अडला तर लगेच पुरवू नका. ‘ते कशाला वापरतात? कुठे ठेवतो आपण?’ असं विचारून वाट काढून द्या. दमला असेल तर मात्र सरळ सांगून टाका. त्या वेळी सराव होत नाही, नुसती चिडचिड होते.

विषय भरकटला तर आधी ठरवलेली खूण वापरा, उदाहरणार्थ टेबलावर हलकेच दोन बोटं. मग जिथून सुटलं ते सांगा: ‘आपण फोंड्याच्या बसबद्दल बोलत होतो.’ ही खूण त्याच्याशी बोलून, त्याने निवडलेली हवी. न सांगता वापरलेली खूण अपमान वाटते.

७. वही: स्मृतीचा आधार

नुसती डायरी आणून दिली तर ती पंधरा दिवसांत कपाटात जाते. वही वापरणं हे शिकवावं लागतं.

शाळेच्या वहीच्या अर्ध्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची वही घ्या, दोरीने पेन बांधा. पहिल्या पानावर नाव, पत्ता, घरचे दोन नंबर, आणि चार ओळींत काय झालं ते: ‘१२ जूनला पर्वरीला स्कूटर घसरली. डोक्याला मार लागला. १९ दिवस हॉस्पिटलात होतो. आता घरी आहे.’ यामुळे ‘मला काय झालं होतं?’ हा दिवसातून दहादा येणारा प्रश्न वहीकडे वळतो. पुढे माणसांची पानं, फोटो आणि नातं. मग रोजची पानं: डाव्या पानावर आज काय करायचं, उजव्यावर काय झालं. शेवटी औषधं. पाच भागांपेक्षा जास्त करू नका.

शिकवण्याचे तीन टप्पे आहेत. आधी कोणत्या भागात काय आहे ते पाठ होऊ द्या. मग लुटुपुटीचे प्रसंग: ‘समजा डेंटिस्टचा फोन आला, बुधवारी अकराला या म्हणाला. कुठे लिहाल?’ तिसरा, खरे प्रसंग. वही बघण्याच्या वेळा आधीपासूनच चालणाऱ्या सवयींना जोडा: उठल्यावर, जेवणाआधी, चारच्या चहाला, झोपताना. मोबाइलवर त्याच वेळांचे अलार्म लावा, आणि अलार्मच्या नावात ‘वही बघ’ असं लिहा. नुसती घंटा वाजली की ती कशाची हेच आठवत नाही.

बिघडतं कुठे? बायको किंवा आई त्याच्या वतीने लिहू लागते, आणि वही तिची होते. अक्षर वाईट असलं तरी त्यालाच लिहू द्या. आणि ‘आज कोण येणार आहे?’ असं त्याने विचारलं की उत्तर द्यायचा मोह आवरा. ‘चल, वहीत बघू या’ म्हणा आणि शेजारी बसा.

८. नवी गोष्ट शिकवायची ती चुकू न देता

आपल्याला वाटतं, चुकेल आणि शिकेल. ज्याची स्मृती दुखावली आहे त्याच्याबाबतीत हे उलटं पडतं: आपण चुकलो होतो हे त्याला आठवत नाही, पण चुकीची कृती हाताला लागते. म्हणून अंदाज करायला लावू नका. चहाचे टप्पे कार्डावर लिहून गॅसजवळ चिकटवा, पहिल्या वेळी प्रत्येक टप्पा तुम्ही करून दाखवा, मग शेवटचा टप्पा त्याने, मग शेवटचे दोन, असं मागून पुढे या.

एखादी ठरावीक माहिती पक्की करायची असेल तर वाढत्या अंतराने विचारा. समजा, गोळ्या कुठे आहेत हे शिकवायचं आहे. सांगा: ‘गोळ्या देवघराच्या फळीवर, निळ्या डब्यात.’ लगेच विचारा, ‘गोळ्या कुठे आहेत?’ बरोबर आलं की १५ सेकंदांनी पुन्हा, मग ३० सेकंद, १ मिनिट, २, ४, ८ मिनिटं. मधल्या वेळात दुसऱ्या गप्पा मारा, वर्तमानपत्रातले मथळे वाचा. चुकला तर क्षणाचाही उशीर न करता बरोबर उत्तर सांगा, त्याच्याकडून वदवून घ्या, आणि ज्या अंतराला शेवटचं बरोबर आलं होतं तिथून पुन्हा चढा. एका बैठकीला २० ते ३० मिनिटं, एका वेळी एकच माहिती. परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा हे वेगळं आहे, कारण उत्तर नुकतंच दिलेलं असतं आणि तो जिंकतोच. उत्तर तोंडाने आलं की त्याच वेळी उठून डबा काढायलाही लावा.

९. थकवा, गोंगाट, चवथ

मेंदूचा थकवा दिसत नाही. सकाळी दहाला छान बोलणारा माणूस दुपारी दोनला शब्द शोधतो. अवघड कामं सकाळी ठेवा, २०-३० मिनिटांनंतर थोडा थांबा, दुपारी अर्धा तास झोप. जास्त झोपला तर रात्र जाते. रात्री झोप लागत नसेल तर कुणाच्या घरातली झोपेची गोळी देऊ नका. अशा काही गोळ्या आणि सर्दीची काही औषधं स्मृती आणखी मंद करतात.

पाहुणे एका वेळी दोन, वीस मिनिटं. हे वाईटपणा घेऊन सांगावं लागतं. चवथीला तर विशेष तयारी हवी: घर भरलेलं, घुमट आणि झांजांच्या गजरात आरती, सगळे एकाच वेळी बोलणारे. त्याला सणातून वगळू नका, पण मागच्या खोलीत दार लावून बसता येईल अशी जागा राखून ठेवा, आरतीला माटोळीपासून दूर दाराशी उभं राहू द्या, आणि ‘मी जरा आत जातो’ म्हणून उठला तर कुणी हाक मारून परत बोलावू नये हे पाहुण्यांना आधीच सांगा.

भडका उडाला की वाद, समजावणं, रडणं तिन्ही बंद. आवाज खाली, विषय बदला, नाही जमलं तर खोली सोडा आणि पंधरा मिनिटांनी परत या. ‘मला काही झालेलं नाही’ असं तो ठामपणे म्हणत असेल तर तो हट्ट नसेलही. स्वतःतला बदल दिसण्यासाठी लागणारा मेंदूचा भागच दुखावलेला असू शकतो. पुराव्यानिशी सिद्ध करायला जाऊ नका. आणि कधी जाणीव येऊ लागते तेव्हा निराशाही येते. जेवण-झोप सुटली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, काळजी घेणाऱ्यांसाठीसुद्धा.

१०. ज्या गोष्टी बोलण्याशी निगडित वाटत नाहीत, पण जिवावर बेततात

गिळणं: पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा, वारंवार ताप, ही अन्न फुप्फुसात जात असल्याची लक्षणं. आजारी माणसाला आपण पेज देतो, पण पातळ पाण्यात सुटी शितं असलेली पेज गिळायला सर्वांत अवघड प्रकारांपैकी आहे. तोंडात दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी सांभाळावे लागतात. थेरपिस्ट सांगेल त्या दाटपणाची, वाटून एकजीव केलेलीच द्या. सोलकढीसारख्या पातळ पेयांबद्दलही विचारा. ताठ बसवून भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

वास: डोक्याच्या मारात वासाची नस तुटू शकते. गॅस गळाला, मासळी उतरली, दूध फाटलं, काहीच कळत नाही. कापसावर कॉफी धरून विचारा. वास येत नसेल तर गॅसगळतीचा अलार्म बसवा आणि रोज रात्री रेग्युलेटर बंद करण्याचं काम दुसऱ्याकडे द्या.

झटका: कुशीवर वळवा, झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. झटक्याच्या गोळ्या ‘आता बरं आहे’ म्हणून अचानक बंद करू नका.

दारू: फेणी असो की बिअर, बंदच. दुखावलेल्या मेंदूला थोडीही जास्त चढते आणि झटक्याची शक्यता वाढते. स्कूटर: डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, किल्ली नजरेआड ठेवा. पैसे: यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

११. कागदपत्रं, काम आणि शाळा

डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, एमएलसीचा (इस्पितळाने पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीचा) नंबर, एफआयआरची प्रत, औषधांची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. रस्ते अपघातग्रस्तासाठी केंद्राच्या २०२५ च्या योजनेत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. पुढच्या खर्चासाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना ते पाहा. भरपाईच्या दाव्याला मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. दाव्यात मोडलेलं हाड सगळे दाखवतात आणि गेलेली स्मृती कुणीच मांडत नाही. स्पीच थेरपिस्ट आणि सायकॉलॉजिस्टचे अहवाल म्हणूनच लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूचा मार असं वेगळं नाव नाही. पण वाचा-भाषेचं अपंगत्व, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार, मानसिक आजार हे प्रकार आहेत. कोणत्या प्रकारात अर्ज बसेल ते डॉक्टरांना विचारूनच यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, भरा.

कामावर परतण्याची घाई सर्वांत जास्त नडते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे मंदावते, पण वर्षा-दोन वर्षांनंतरही चालू राहते. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. पंधरा दिवस नीट गेले की वाढवा. मालकाला एवढंच सांगा: सूचना लेखी द्या, एका वेळी एक काम, काउंटरऐवजी आतली शांत जागा.

लहान मुलांचं वेगळं असतं. पाचव्या-सहाव्या वर्षी लागलेल्या माराचा परिणाम कधीकधी सातवी-आठवीत दिसतो, कारण नियोजन, लांब उत्तरं लिहिणं, मित्रांच्या घोळक्यात बोलणं टिकवणं याची गरजच तेव्हा पडते. तोवर शिक्षक बदललेले असतात आणि अपघात सगळे विसरलेले असतात. दरवर्षी शाळा सुरू होताना, पहिल्याच आठवड्यात, नव्या वर्गशिक्षकांना एक पानी टिपण द्या: कधी मार लागला, काय अवघड जातं, कुठे बसवावं, आणि परीक्षेत जास्तीचा वेळ लागतो का.